घोड्यावरून जमिनीवर

मे १८०० मध्ये नेपोलियन बोनापार्टने आल्प्स ओलांडला तो खेचरावर बसून. सैन्य आधीच पुढे गेलं होतं, आणि खेचराला वाट दाखवत चालणारा वाटाड्या त्याच डोंगरातला होता. पुढच्या वर्षी जाक-लुई दाविदने हा प्रसंग रंगवला तेव्हा खेचराचा घोडा झाला. तो मागच्या दोन पायांवर उभा राहिला, स्वाराचा झगा वाऱ्यावर फुगला आणि त्याचा हात शिखराकडे गेला. नेपोलियनने चित्रासाठी समोर बसायला नकार दिला होता, म्हणून दाविदने आपल्या मुलाला गणवेश चढवून शिडीवर बसवलं आणि त्याच्यावरून ती ऐट रेखाटली. खालच्या खडकावर बोनापार्टच्या नावाशेजारी हॅनिबल आणि शार्लमेन यांचीही नावं आहेत. घोड्याच्या पायांमधून निरखून पाहिलं तर मागे चढ चढणारे, तोफ ओढणारे शिपाई दिसतात. मुंग्यांएवढे.

हे चित्र मागवलं होतं स्पेनच्या चौथ्या कार्लोस राजाने. त्याच राजाच्या पदरी फ्रान्सिस्को गोया हा मुख्य दरबारी चित्रकार होता. आणि १८०८ मध्ये चित्रातल्या त्या स्वाराच्या फौजा स्पेनमध्ये पसरल्या, राजघराण्याला सिंहासन सोडावं लागलं आणि माद्रिदच्या रस्त्यांवर रक्त सांडलं.

तोवर युद्धाचं चित्र म्हणजे बहुधा सेनापतीचं चित्र असे. ज्याच्या हुकमाने लढाई होते तो मधोमध, आणि ज्यांच्या अंगावर लढाई येते ते कडेला किंवा मागच्या धुरात. हे उलटं व्हायला काय लागलं, हा कलेच्या आणि सिनेमाच्या इतिहासातला फार मोलाचा प्रश्न आहे. कॅमेरा आला म्हणून हे घडलं असं समजणं सोपं आहे, पण घटनांचा क्रम तसा नाही.

२ मे १८०८ रोजी माद्रिदचे लोक फ्रेंच सैनिकांवर तुटून पडले. त्या रात्री आणि ३ मेच्या पहाटे फ्रेंचांनी हाती लागलेल्या माणसांना ओळीने उभं करून गोळ्या घातल्या. गोयाने हा प्रसंग रंगवला १८१४ मध्ये, फ्रेंच गेल्यानंतर. जवळपास पावणेतीन मीटर उंच आणि साडेतीन मीटर रुंद असं ते चित्र आज माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात आहे.

उजवीकडे बंदुका रोखलेल्या शिपायांची रांग आहे. त्यांच्या पाठीच दिसतात, चेहरा एकाचाही नाही. जमिनीवर एक मोठा चौकोनी कंदील ठेवलेला आहे. त्याचा उजेड पडतो तो डावीकडे गुडघे टेकून बसलेल्या एका माणसावर. पांढरा सदरा, पिवळी विजार, दोन्ही हात वर पसरलेले, डोळे विस्फारलेले. त्याच्या पायाशी आधीच्या फेरीतली प्रेतं पडली आहेत आणि पुढच्या फेरीतली माणसं तोंड झाकून टेकडी चढत येत आहेत. त्याचं नाव आपल्याला माहीत नाही. तो कुणी सरदार नाही, कदाचित मजूर असेल. दाविदने मागच्या डोंगरावर मुंगीएवढा काढलेला माणूस गोयाने पुढे आणून उजेडात बसवला, आणि शस्त्र हाती असलेल्यांचे चेहरे काढून घेतले. युद्धाच्या चित्राला लागलेलं हे खरं वळण.

या मोठ्या चित्राइतकंच, किंबहुना माझ्या मते त्याहून कठोर काम गोयाने एकांतात केलं. साधारण १८१० ते १८२० या काळात त्याने तांब्याच्या पत्र्यांवर आम्लाने कोरून युद्धाची ८२ छापचित्रं तयार केली. १७९२-९३ च्या आजारपणात त्याची श्रवणशक्ती गेली होती. तेव्हा तोफांचे आवाज न ऐकता, फक्त डोळ्यांनी पाहिलेलं हे युद्ध आहे. झाडाला लटकवलेली, तोडलेली शरीरं, मुलाला काखेत मारून भाला उगारणारी बाई, पळणारे गावकरी. एका चित्राखाली त्याने लिहून ठेवलं की हे मी स्वतः पाहिलं आहे. त्यातल्या कितीतरी पाट्यांवर लढाई नाहीच, भूक आहे. १८११-१२ मध्ये माद्रिदमध्ये दुष्काळ पडला आणि सुमारे वीस हजार माणसं मेली, त्यांची ती चित्रं. युद्ध रणांगणावर थांबत नाही, ते चुलीपर्यंत येतं, हे त्याने टिपलं. हयातीत त्याने हा संच प्रसिद्ध केला नाही. गोया १८२८ मध्ये फ्रान्समधल्या बोर्दोला वारला, आणि त्यातली ८० चित्रं पहिल्यांदा छापून बाहेर आली १८६३ मध्ये.

मराठी वाचकाला इथे वीरगळ आठवेल. गावाबाहेर, देवळाच्या ओट्याशी, पिंपळाखाली उभे असलेले ते दगड बहुतेक वेळा राजाचे नसतात. गुरं सोडवताना किंवा गावासाठी लढताना पडलेल्या माणसाचे असतात. बोरिवलीजवळच्या एक्सरच्या वीरगळांवर तर वल्ह्यांच्या नौकांची सागरी लढाईच कोरलेली आहे. म्हणजे सामान्य लढवय्याला दगडात जागा देण्याची रीत आपल्याकडे गोयाच्या कितीतरी शतकं आधीची. फरक पुढे आहे. वीरगळाच्या खालच्या चौकटीत माणूस मरतो, मधल्या चौकटीत अप्सरा त्याला वर नेतात आणि सर्वांत वर तो शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला असतो, माथ्यावर चंद्र आणि सूर्य. गोयाच्या चित्रात वरच्या चौकटी नाहीत. मेलेला माणूस तिथेच, मातीत आहे.

मग छायाचित्रण आलं, आणि विचित्र गोष्ट अशी की माणूस पुन्हा दिसेनासा झाला.

१८५५ मध्ये रॉजर फेंटन हा इंग्रज छायाचित्रकार क्रिमियाच्या युद्धावर गेला. सोबत दारूच्या व्यापाऱ्याची जुनी घोडागाडी होती, तिचंच त्याने डार्करूम केलं होतं. काचेवर रसायन पसरायचं, ती ओली आहे तोवर कॅमेऱ्यात घालून चित्र घ्यायचं आणि ओली असतानाच धुवायची, अशी तेव्हाची पद्धत. धावता माणूस त्या काचेवर उमटणं अशक्य होतं. तरीही केवळ यंत्र अपुरं होतं असं म्हणून भागत नाही, कारण प्रेत हलत नाही. फेंटनने साडेतीनशेच्या आसपास छायाचित्रं आणली, त्यांत छावण्या आहेत, अधिकारी आहेत, बंदर आहे, पण मेलेला शिपाई नाही. त्याच्या सर्वांत प्रसिद्ध छायाचित्रात नुसता एक ओसाड रस्ता आहे आणि त्यावर तोफगोळे विखुरलेले. त्याच जागेचं दुसरंही छायाचित्र आहे, त्यात रस्ता मोकळा आहे आणि गोळे कडेला पडलेले आहेत. गोळे नंतर उचलून रस्त्यावर आणले गेले, असा अभ्यासकांचा निष्कर्ष आहे.

तीन वर्षांनी फेलिचे बिआतो लखनौला आला. तिथल्या सिकंदर बागेत नोव्हेंबर १८५७ मध्ये इंग्रजी फौजेने सुमारे दोन हजार बंडवाल्या शिपायांना मारलं होतं. बिआतोच्या १८५८ च्या छायाचित्रात मोडक्या इमारतीसमोर त्यांची हाडं आणि कवट्या पसरल्या आहेत. छायाचित्रासाठी ती तशी मांडण्यात आली, असं बहुतेक इतिहासकार मानतात. या चित्रात मेलेली माणसं आहेत, पण ती जिंकणाऱ्याच्या बाजूला उभं राहून पाहिलेली आहेत. गोयाच्या हातात यंत्र नव्हतं, तरी तो मरणाऱ्याच्या बाजूला जाऊन उभा राहिला. बिआतोच्या हातात त्या काळातलं सर्वांत अचूक यंत्र होतं, आणि त्याने विजयाची खूण टिपली.

यानंतर चित्र हलू लागलं. पहिल्या महायुद्धात, १ जुलै १९१६ रोजी, फ्रान्समधल्या सोम नदीकाठी इंग्रजांनी हल्ला चढवला. त्या एका दिवसात त्यांचे ५७,४७० लोक कामी आले किंवा जखमी, बेपत्ता झाले. त्यातले १९,२४० मेले. आघाडीवर जेफ्री मॅलिन्स आणि जॉन मॅक्डॉवेल हे दोघे हाताने फिरवायचे कॅमेरे घेऊन हजर होते. त्यांच्या चित्रीकरणातून सुमारे सव्वा तासाचा 'द बॅटल ऑफ द सोम' हा मूकपट तयार झाला आणि ऑगस्टमध्येच, म्हणजे लढाई चालू असतानाच, तो लंडनच्या थिएटरांत लागला. पहिल्या सहा आठवड्यांत त्याची सुमारे दोन कोटी तिकिटं गेल्याचा अंदाज आहे. ब्रिटनची लोकसंख्या तेव्हा साडेचार कोटींच्याही आत होती.

सरकारला हा चित्रपट हवा होता तो उमेद वाढवण्यासाठी. दारूगोळ्याच्या राशी, हसत-हात हलवत जाणाऱ्या पलटणी, हॉथॉर्न टेकडीखालचा प्रचंड सुरुंग उडतानाचा खरा क्षण, हे सगळं त्यात आहे. पण प्रेक्षक वेगळंच पाहत होते. ते पडद्यावर आपला मुलगा शोधत होते. शिपाई चालता चालता कॅमेऱ्याकडे वळून पाहतात, तो एक-दोन सेकंदांचा चेहरा हेच या चित्रपटाचं खरं वैभव. एका दृश्यात एक शिपाई जखमी सोबत्याला पाठीवर घेऊन खंदकातून येतो आणि सरळ आपल्याकडे बघतो. पाठीवरचा माणूस अर्ध्या तासात मेला, असं मधली पाटी सांगते. थिएटरात रडू कोसळलं. डरहॅमच्या डीनने 'टाइम्स'ला पत्र लिहून अशा दृश्यांची करमणूक करण्याला विरोध केला, तर ज्यांची मुलं गेली होती अशा कित्येकांनी उलट हे पाहायलाच हवं असं म्हटलं.

यातलं सर्वांत गाजलेलं दृश्य मात्र रचलेलं आहे. खंदकातून वर चढणारे शिपाई, त्यांतला एक वर पोचताच कोसळून मागे घसरतो, हे दृश्य आघाडीमागे, सरावाच्या जागी घेतलेलं होतं. फेंटनच्या तोफगोळ्यांचाच हा पुढचा अवतार. पण पाठीवर सोबती घेतलेला तो शिपाई खरा होता, आणि खऱ्या-रचलेल्याच्या या सरमिसळीतूनच युद्धाचा सिनेमा जन्मला.

आपल्या मुलुखातलेही हजारो लोक त्या महायुद्धात गेले होते. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावचे ४६ जण परत आले नाहीत. महाराष्ट्रातल्या अनेक गावांत ब्रिटिशांनी बसवलेली एक लहानशी पाटी अजून सापडते, गावातून किती गेले आणि किती मेले एवढंच सांगणारी. चेहरा राहू द्या, बहुतेक पाट्यांवर नावही नाही. फक्त आकडा.

पुढचं वळण पुन्हा स्पेनमध्ये. २६ एप्रिल १९३७, सोमवार, बास्क प्रांतातल्या गेर्निका गावचा बाजाराचा दिवस. स्पेनच्या यादवी युद्धात प्रजासत्ताक सरकारविरुद्ध लढणाऱ्या जनरल फ्रँकोच्या मदतीला हिटलर आणि मुसोलिनीने पाठवलेल्या विमानांनी दुपारपासून जवळपास तीन तास गावावर बॉम्ब टाकले. जॉर्ज स्टीअर या वार्ताहराची बातमी दोन दिवसांनी लंडन आणि न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रांत आली. पॅरिसमध्ये राहणाऱ्या पाब्लो पिकासोकडे स्पेनच्या प्रजासत्ताक सरकारने जानेवारीतच जागतिक प्रदर्शनासाठी मोठं चित्र मागितलं होतं. त्याच सरकारने १९३६ मध्ये त्याला प्रादोचं संचालकपद दिलं होतं, म्हणजे गोयाच्या चित्रांचा तो नावापुरता का होईना, पालक होता. महिनोन् महिने त्याला विषय सुचत नव्हता. १ मेला त्याने पहिली रेखाटनं केली आणि जूनच्या सुरुवातीला साडेतीन मीटर उंच, पावणेआठ मीटर लांब चित्र पूर्ण झालं.

त्यात काळा, पांढरा आणि करडा एवढेच रंग आहेत, वर्तमानपत्रातल्या छायाचित्रासारखे. विमान नाही, बॉम्ब नाही. बैल आहे, किंचाळणारा घोडा आहे, मेलेलं मूल मांडीवर घेऊन आकाशाकडे तोंड वासलेली आई आहे. गोयाच्या जमिनीवरच्या कंदिलाच्या जागी वर विजेचा दिवा आलाय. मारणारा आता पाठमोरासुद्धा उरलेला नाही. तो इतका उंच आहे की चित्रात मावत नाही, आणि हेच विसाव्या शतकाचं युद्ध होतं. दाविदचा घोडा इथे पोट फाटून जमिनीवर कोसळतो आहे.

सिनेमात हेच काम रोममध्ये झालं. नऊ महिन्यांच्या जर्मन अंमलानंतर ४ जून १९४४ रोजी रोम मुक्त झालं, आणि युरोपातलं युद्ध संपायच्या आत, जानेवारी १९४५ मध्ये रोबेर्तो रोसेलिनीने 'रोम, ओपन सिटी'चं चित्रीकरण सुरू केलं. चिनेचित्ता हा मुसोलिनीने उभारलेला प्रचंड स्टुडिओ निर्वासितांची छावणी झाला होता. वीज कधी असे, कधी नसे. कच्ची फिल्म मिळेल तिथून, मिळेल त्या जातीची आणायची. संवाद नंतर भरले. पटकथेवर पंचविशीत पोचलेल्या, पुढे दिग्दर्शक म्हणून गाजलेल्या फेलिनीनेही काम केलं. मुख्य भूमिकांतली अॅना मान्यानी आणि अल्दो फाब्रित्सी ही दोघं विनोदी रंगभूमीवरून लोकांना ठाऊक झालेली.

३ मार्च १९४४ रोजी रोमच्या एका बराकीबाहेर तेरेसा गुलाचे ही गरोदर बाई, जर्मनांनी पकडलेल्या नवऱ्याकडे धाव घेताना गोळी लागून मेली. पाच मुलांची आई होती ती. चित्रपटात ती पिना झाली. लग्नाच्याच दिवशी तिच्या माणसाला ट्रकमध्ये कोंबून नेतात, ती शिपायांचं कडं तोडून ट्रकमागे धावते, हाक मारते, गोळी सुटते आणि ती रस्त्यावर पडते. क्षणभराचं काम. मरताना दोन वाक्यंही बोलायला मिळत नाहीत. प्रेक्षक जिला नायिका समजत होता ती चित्रपटाच्या मध्यावरच गेली, आणि चित्रपट पुढे चालत राहिला, जसं त्या गल्लीतलं आयुष्य चालत राहिलं असेल. ज्यांनी हे दृश्य एकदा पाहिलं आहे त्यांना ते विसरता येत नाही. दिवा, कॅमेरा, फिल्म यांतलं काहीच धड नसताना सिनेमाने इथे गोयाची जागा गाठली.

१९४६ च्या पहिल्या कान महोत्सवात या चित्रपटाला सर्वोच्च पुरस्कार मिळाला. त्या वर्षी तो अनेक चित्रपटांत विभागून दिला होता. त्यांतला एक होता चेतन आनंद यांचा 'नीचा नगर'. त्याच वर्षी मुंबईत व्ही. शांताराम यांचा 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' आला. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले. जपानशी लढणाऱ्या चिनी सैनिकांवर उपचार करता करता ९ डिसेंबर १९४२ रोजी, बत्तीस वर्षांचे असताना ते तिथेच वारले.  कोटणीसांची भूमिका स्वतः शांतारामांनी केली. नाट्य भरघोस आहे, सगळं स्टुडिओत उभारलेलं, रोसेलिनीच्या रस्त्याशी त्याचं काही नातं नाही. पण युद्धपटाचा नायक म्हणून मलमपट्टी करणारा माणूस निवडणं ही गोष्ट लहान नाही.

जानेवारी १९५२ मध्ये मुंबईत भारताचा पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरला. तिथे 'रोम, ओपन सिटी' आणि दे सिकाचा 'बायसिकल थीव्ह्ज' हे दोन्ही दाखवले गेले. पुढच्याच वर्षी बिमल रॉय यांचा 'दो बिघा जमीन' आला, आणि बलराज साहनी कलकत्त्याच्या खऱ्या रस्त्यांवर हातरिक्षा ओढताना दिसले.

पण सेनापतीपासून सामान्य माणसापर्यंतचं हे अंतर आपल्याकडच्या चित्रकारांनी त्याच्याही आधी, युद्ध चालू असतानाच पार केलं होतं. १९४२ मध्ये जपानने ब्रह्मदेश घेतला आणि तिथला तांदूळ बंद झाला. शत्रूच्या हाती पडू नयेत म्हणून इंग्रज सरकारने बंगालच्या किनारपट्टीवरच्या होड्या आणि धान्यसाठे काढून घेतले. भाव भडकले, मेदिनीपूरला वादळाने झोडपलं, आणि १९४३ च्या दुष्काळात तीस लाखांच्या आसपास माणसं मेली. बंगालमध्ये मोठी लढाई झालीच नव्हती. जैनुल आबेदीन कलकत्त्याच्या फुटपाथवर बसून, स्वस्तातल्या कागदावर काळ्या शाईने, उकिरड्याशी कुत्र्या-कावळ्यांसोबत अन्न शोधणारी माणसं काढत होते.

चित्तप्रसाद भट्टाचार्य नोव्हेंबर १९४३ मध्ये मेदिनीपूर जिल्हा पायी फिरले. कम्युनिस्ट पक्षाचं 'पीपल्स वॉर' हे साप्ताहिक मुंबईहून निघत असे, त्यासाठी ते आणि छायाचित्रकार सुनील जाना काम करत होते. पुढे चित्तप्रसाद मुंबईलाच आले आणि अंधेरीत राहून अनेक वर्षं लाकडावर, लिनोवर कोरत राहिले. मेदिनीपूरच्या त्या पायपिटीतून 'हंग्री बेंगॉल' हे त्यांचं छोटं पुस्तक तयार झालं. सरकारने त्याच्या पाच हजार प्रती जप्त करून जाळल्या. कुटुंबीयांनी जपलेली एक प्रत उरली, तिच्यावरून ते २०११ मध्ये पुन्हा छापलं गेलं. त्यातली रेषा जाड आणि काळी आहे, शरीरं बरगड्यांपर्यंत वाळलेली. आणि कितीतरी चित्रांशी चित्तप्रसादांनी त्या माणसाची माहिती टिपून ठेवली आहे : नाव काय, गाव कोणतं, घरातलं कोण कोण गेलं.